माझ्या हाताला बसेल अशी गाडी

सोमवार, ४ मार्च

ऑफिसला द्यायच्या अहवालात शिव्या लिहिता येत नाहीत, म्हणून ही वही. दर नव्या मॉडेलला मी अशी एक वही करतो आणि गाडी बाजारात गेली की रद्दीत घालतो.

आज नवी मोटोक्रॉस, म्हणजे मातीतल्या शर्यतीची मोटरसायकल, शेडमधून बाहेर आली. दिसायला तशी देखणी आहे, पण देखण्या गाड्यांनी मला आजवर कमी पाडलेलं नाही. सकाळी मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवत तासभर समजावलं. मॅडम म्हणजे आमच्या चासीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, इंजिनियर. इंजिनाला नवं हेड, हवा आत जायची वाट सरळ केलेली, त्यामुळे खालच्या रेसलाच जोर जास्त. फ्रेमच्या नळ्या जरा पातळ, इंजिन धरणाऱ्या पट्ट्या नव्या, मागच्या शॉकची जोडणीही बदललेली. सगळं ऐकून मी म्हटलं, "बरं आहे, पण आता बसून बघू का?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

माझं काम एवढंच, चालवायची आणि सांगायचं. महिनाअखेर मी 'ठीक' म्हटलं की गाडी पक्की होते, आणि एप्रिलच्या पहिल्या शर्यतीत कंपनीची टीम तीच चालवते. टीम म्हणजे यंदा टोळ. माझ्या दादाची मुलगी. चालायला लागली तेव्हापासून उड्याच मारत आली म्हणून मीच ठेवलेलं नाव. पहिल्यांदा गाडीवर बसवली तीही मीच, वहिनींच्या शिव्या खाऊन. यंदा तिची कंपनीकडून पहिली शर्यत. त्यात चमकली तर पुढचं सगळं वर्ष तिचं.

गाडी मात्र आवडली नाही. खालून असा धक्का देते की उजव्या हाताशी भांडायलाच उठल्यासारखी वाटते. दोन फेऱ्यांत मनगट दगड झालं. गेल्या वर्षीची गाडी लोणी होती. तिच्या अहवालात मी लिहिलं होतं, एका स्क्रूला हात लावू नका. लावला ना!

आणि या नव्या पेट्रोलला वास कसा तो नाही. पूर्वी टाकीचं झाकण उघडलं की सकाळ व्हायची.

बुधवार, ६ मार्च

आज रेस उतरेना. वळणाच्या आधी मूठ सोडली तरी इंजिन ओढतच राहिलं, गवतात गेलो. उस्तादला सांगितलं, केबल अडकते. उस्ताद आमचा हेड मेकॅनिक. आम्ही दोघं एकाच महिन्यात इथे लागलो, मी केसांसकट आणि तो बिनकेसांचा. त्यानं मूठ फिरवून सोडली, चटकन मागे आली. पुन्हा फिरवली, पुन्हा आली.

"बघ, नीट आहे," तो म्हणाला.

"उभ्या गाडीवर सगळंच नीट असतं रे. पळताना अडकते."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग गुपचूप नवी केबल घातली. एरवी हा माणूस एका वायसरसाठी तासभर वाद घालतो. वय झालं त्याचं.

मंगळवार, १२ मार्च

घरी तमाशा. कपाट उघडलं तर माझ्या सगळ्या शर्टांची बटणं गायब, त्या जागी टिचबटणं. हिचं शिवणाचं दुकान आहे, म्हणून आमचे कपडे म्हणजे हिची प्रयोगशाळा. म्हटलं, "मी काय बालवाडीत जातो?"

"सकाळी उशीर होतो ना तुम्हाला, म्हणून केलं."

"कोणाला उशीर होतो?"

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला."

हल्ली हिला ऐकू कमी येतं. दर वाक्याला 'मोठ्यानं बोला'. कान दाखवून घे म्हटलं. रागानं ताट आपटेल असं वाटलं होतं. त्याऐवजी डोळ्यांत पाणी आणून आत गेली. एवढं काय लागण्यासारखं बोललो मी?

शनिवार, १६ मार्च

मीटिंग. मॅडमनी आलेख मांडले. हँडलपाशी मोजलेली थरथर गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे म्हणे.

मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या यंत्राला मनगट नसतं."

"बरोबर आहे. पण दुसऱ्या चालकाला असं काही जाणवत नाहीये."

दुसरा चालक म्हणजे तो लंबू. परवाच वळणावर पडला आणि म्हणाला, चाकोरी खोल होती. नाचता येईना अंगण वाकडं. त्याचं काय ऐकायचं! तेही सांगितलं, भर मीटिंगमध्ये. लंबूचा चेहरा पडला, पण मला वाईट वाटलं नाही. तीन मॉडेलं या कंपनीची उभी राहिली ती माझ्या उजव्या हातावर.

साहेबांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि म्हणाले, "हे सांगतात तसं करा." मॅडमनी आलेख मिटले. ठरलं असं : इंजिनाचा मॅप सौम्य करायचा, म्हणजे खालच्या रेसला पेट्रोल आणि ठिणगी अशी जुळवायची की जोर हळूहळू येईल. पट्ट्या आणखी पातळ. हँडलखाली मऊ रबर.

जिंकलो. तरी घरी येताना उगाच उदास वाटत होतं. पाय जड झाले होते. ही म्हणाली, पाय घासत चालता. म्हटलं, दिवसभर बूट घालून बघ तू.

मंगळवार, १९ मार्च

सौम्य मॅप. बरा आहे. अजून सौम्य करायला सांगितलं.

शुक्रवार, २२ मार्च

आता कुठे गाडी माणसात आली! सावकाश उठते, समजून घेते. पाच फेऱ्या मारल्या, एकदाही गवतात गेलो नाही. उस्तादच्या पाठीत थाप मारली. तो हसला, पण तोंडापुरतं.

दुपारी टोळ आली. मीच बोलावलं होतं. दोन फेऱ्या मारून हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "काका, खाली ओढ जरा कमी नाही वाटत? मोठ्या जोडउडीला अंतर पुरणार नाही असं वाटतंय."

मोठी जोडउडी म्हणजे दोन मातीचे ढीग. पहिल्यावरून उडायचं ते थेट दुसऱ्याच्या पलीकडे उतरायचं. वळणातून निघाल्यावर तिथवर धावायला जागा फार नाही, इंजिन खालूनच उठावं लागतं. पण मला चीड आली. काल-परवापर्यंत मी हिचं नाक पुसत होतो.

"इंजिनाला नावं ठेवू नकोस. तू रेस उशिरा देतेस."

"मी तर पूर्ण..."

"वळणाच्या मध्यातूनच दे. शिकवलंय ना?"

मी पुन्हा फेरीला निघालो, तर हेल्मेटचा पट्टा कडीतून जाईना. नवा पट्टा, ताठ असतो. ती जवळ आली आणि काही न बोलता तिनं तो लावून दिला. माझ्या हातांकडे बघत होती. मग उस्तादकडे बघितलं. उस्ताद लगेच खाली वाकून पाने गोळा करायला लागला.

संध्याकाळी जाताना म्हणाली, "गाडी छान आहे काका. माझंच चुकत होतं." आपली चूक कबूल करणारी मुलं हल्ली कुठे असतात. अभिमान वाटला.

गुरुवार, २८ मार्च

गाडी पक्की झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मॅडम आल्याच नाहीत, त्यांना बरं नव्हतं म्हणे. पराभव पचवायलाही ताकद लागते.

ही म्हणते, शर्यत झाली की एका डॉक्टरकडे जाऊ, नाव नोंदवलंय. म्हटलं, कान तुझे, मी कशाला? "सोबतीला," म्हणाली.

रविवार, ७ एप्रिल

टोळ पडली.

मोठ्या जोडउडीवर. दुसऱ्या फेरीत. पुढचं चाक दुसऱ्या ढिगाच्या अलीकडच्या तोंडावर आदळलं, पाय गाडीखाली आला. मी कठड्यापाशी होतो. गाडी हवेत असतानाच कळलं की पोचत नाही. ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

याहून जास्त आज लिहिता येत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

उजवा गुडघा आतून सुटलाय. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल. गाडीचं विचारलं तर म्हणाले, आधी चालू दे.

वहिनी माझ्याशी बोलल्या. दादा बोलला नाही. कॉरिडॉरमध्ये मी त्याच्या शेजारी बसलो, तेव्हा तो उठून खिडकीपाशी गेला. या दादानं लहानपणी माझ्या वाटची छडी खाल्लेली आहे. आज माझ्याकडे त्यानं नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

टोळला भेटलो, झोपेत होती. झोपेतही कपाळावर आठी.

हे कसं झालं, तेच सारखं डोक्यात फिरतंय. रेस सोडली असणार तिनं, शेवटच्या क्षणी घाबरून. नाहीतर उस्तादनं काहीतरी ढिलं ठेवलं असणार. गाडी मी स्वतः बघितली होती. गाडीत काही नव्हतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

साहेबांसमोर म्हटलं, गाडी पुन्हा तपासा. उस्तादनं शेवटच्या क्षणी काय बदललं तेही विचारा. भर खोलीत म्हटलं. उस्ताद मान खाली घालून बसून राहिला. बदललं नाही असं एकदा तरी म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मॅडम म्हणाल्या, "मग झाकफेरी घेऊ."

झाकफेरी ही आमच्याच आवारातली पद्धत, मीच सुरू केलेली. गाड्यांवर एकसारखं प्लास्टिक चढवायचं, फ्रेम कापडानं झाकायची, नंबरांवर नुसती रंगीत पट्टी. कुठल्या गाडीत काय आहे ते चालवणाऱ्याला सांगायचं नाही. तो उतरून बोलला की मगच कापड काढायचं. म्हणजे डोळ्यांनी बघून कोणी शहाणपणा करू नये. लंबूला याच पद्धतीनं मी दोनदा तोंडघशी पाडलंय. म्हटलं, घ्या. आजच्या आज घ्या.

उस्ताद पहिल्यांदाच बोलला. "नको," म्हणाला. "काय गरज आहे?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, सोमवारीच होऊ दे.

सोमवार, १५ एप्रिल

तीन गाड्या. पांढरी, निळी, लाल पट्टी. मी जे बोललो ते मॅडमनी टिपून घेतलंय, इथेही लिहून ठेवतो, उद्या कोणी फिरवाफिरवी करायला नको.

पांढरी : चांगली. हाताचं ऐकते. हीच आपली पक्की केलेली, पैज लावतो.

निळी : मार्चमधलं भूत. तोच धक्का, तेच मनगट.

लाल : सगळ्यांत वाईट. उजव्या बाजूनं गाडी नुसती ओंडका. रेस उतरत नाही, फ्रेम दात हलवते. एका फेरीत परत आलो. मी म्हटलं, "मॅडम, ही तुमची नवी करामत असेल तर भंगारात घाला. हिच्यावर माणूस बसवायचा म्हणजे गुन्हा आहे."

मॅडमनी वही बंद केली. कापड काढलं नाही. म्हणाल्या, "उद्या काढू." आवाज विचित्र होता. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले, पण त्यांच्या फोनचा पडदा काळा होता. घाबरलेत सगळे.

मंगळवार, १६ एप्रिल

सकाळी लवकर गेलो. शेडमध्ये उस्ताद एकटाच. लाल पट्टीच्या गाडीचं कापड त्यानं माझ्यासमोर काढलं.

माझीच गाडी होती. गेल्या वर्षीची. डाव्या नळीवर मी पडलो होतो तेव्हाचा ओरखडा. तीच फ्रेम, तेच इंजिन, एका स्क्रूला हात न लावलेली.

मी म्हटलं, काहीतरी बदललंय हिच्यात. उस्ताद म्हणाला, नाही. मी म्हटलं, इतके दिवस उभी होती, तेल घट्ट झालं असेल. तो म्हणाला, "शनिवारी लंबूनं चालवली. लोणी आहे म्हणाला. तुझाच शब्द."

मी मूठ धरली. फिरवली आणि सोडली. म्हणजे सोडायला गेलो. उभ्या गाडीवर, बंद इंजिनावर, मी माझ्या हाताकडे बघत होतो. मनानं मूठ सोडून झाली होती. बोटं तशीच होती. मग एकेक करून उघडली, जशी दुसऱ्या कोणाची असावीत.

भीती वाटली. पडायची भीती आयुष्यात खूप वेळा वाटली आहे, ही तसली नव्हती.

शुक्रवार, १९ एप्रिल

डॉक्टरकडे गेलो. कानाचे नव्हतेच ते. नाव हिनं फेब्रुवारीतच नोंदवलं होतं, माझ्या नावानं.

बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली. माझं अक्षर शेवटी मुंगीएवढं झालं. डॉक्टरांनी विचारलं, वास येतो का नीट? मी पेट्रोलचं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. बोलताना आवाज खाली जातो का, असं त्यांनी हिला विचारलं. मी हिच्याकडे बघितलं. हिचे कान ठणठणीत आहेत.

कंपवात. मी म्हटलं, पण माझा हात कापत नाही. म्हणाले, काहींचा सुरुवातीला कापत नाही, नुसता अडतो. औषध आहे, बरीच वर्षं निभतं. गाडी आज बंद.

तिथून थेट उस्तादच्या घरी. हिला रिक्षात बसवून ठेवलं. उस्ताद बनियनवर दारात आला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"केबल बदलली त्या दिवसापासून. संशय आधीपासून."

"आणि बोलला नाहीस?"

"रिक्षात बसल्यात त्या वहिनींना बोललो. त्यांनाही दिसतच होतं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगू दे, नाहीतर हे ऐकायचे नाहीत. तोवर सांभाळून घेऊ म्हटलं."

"सांभाळून घेऊ? अरे, माझ्या हाताला बसेल अशी गाडी केलीत तुम्ही! आणि तिच्यावर पोरीला बसवलंत!"

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"तुला सांगण्यापेक्षा गाडी बदलणं सोपं होतं रे," तो म्हणाला. "वाटलं, थोडा मॅप सौम्य केला तर काय होतंय. पोर चांगली चालवते, निभावून नेईल."

मारावंसं वाटलं. मग आठवलं, भर खोलीत मी या माणसावर आळ घेतला होता आणि यानं तो तसाच अंगावर घेतला. परत फिरलो. रिक्षात हिनं माझा हात धरला. मी काढून घेतला.

शनिवार, २० एप्रिल

सकाळी साहेबांना फोन केला. मार्चमधली गाडी जशी होती तशी परत करा, मॅडमचंच बरोबर होतं, लंबूला विचारा. कारणही सांगितलं. साहेब म्हणाले, "हो, झाकफेरीनंतर तेच ठरलंय. तुम्ही आराम करा." म्हणजे माझ्या फोनची कोणाला गरज नव्हती.

मग दादाकडे. टोळला कालच घरी आणलंय. दार वहिनींनी उघडलं. दादा आत होता, बाहेर आला नाही. टोळ पलंगावर, पाय उशांवर, गुडघ्याभोवती लोखंडी सांगाडा.

खुर्ची ओढून बसलो. वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून सरळ निघालं. म्हटलं, "माझा हात गेलाय. कंपवात आहे. गाडीत काही नव्हतं. मी माझ्या हातासाठी ती मंद करायला लावली आणि तुला तीच चालवायला दिली. तू सांगितलं होतंस, ओढ कमी आहे म्हणून. मी तुलाच झापलं."

ती पायाकडे बघत म्हणाली, "माहीत होतं काका."

"काय माहीत होतं?"

"तुमचा हात. हेल्मेटचा पट्टा लावला तेव्हा कळलं. आणि त्या गाडीनं जोडउडी पुरत नाही, हे सकाळच्या सरावात कळलं."

"मग उडालीस कशाला? पहिल्या फेरीत काय केलंस?"

"पहिल्या फेरीत उडी न घेता ढिगांवरून चढून उतरून गेले. चार जणी पुढे गेल्या. कठड्यापाशी साहेब मॅडमना काहीतरी विचारत होते, माझ्याकडे बोट करून. तुम्ही शेजारीच होतात." तिनं चादरीची घडी बोटानं दाबली. "दुसऱ्या फेरीतही तशीच गेले असते, तर उतरल्यावर मला विचारलं असतं, गाडी का उडत नाही. सगळ्यांसमोर. मग काय सांगितलं असतं?"

तिचं वय तेवीस आहे. माझ्यासाठी तिनं पूर्ण रेस दिली होती, पोचणार नाही हे माहीत असून. आणि मी या वहीत लिहिलं होतं की ती घाबरली.

मी रडायला लागलो. आवाज हल्ली निघत नाही, तरी दादाला ऐकू गेला असावा. तो दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही बाबा," टोळ चटकन म्हणाली. "काकांना चहा हवाय."

अगदी सहज म्हणाली. मला सांभाळून घ्यायची सवय झाली होती तिला. हिला, उस्तादला, सगळ्यांनाच. दादा वळला, वहिनींना हाक मारायला.

"चहा नको," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मी छाती भरून श्वास घेतला आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "दादा, चहा नको. इथे बस जरा. तुला सांगायचंय."